फिझारमचा संच: जीवनचक्र अर्धंच, पण टाइमलॅप्ससाठी पैसे वसूल

कॅमेऱ्यासमोर फिझारम पॉलिसेफॅलमइतका सोशिक स्लाइम मोल्ड (ओलाव्यात सरकत पसरणारा, बुरशीसारखा दिसणारा जीव) दुसरा नाही. या संचात गाळणकागदावर वाळवलेला, स्क्लेरोशियम म्हणजे त्याचं सुप्तावस्थेतलं रूप, आगर (जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) ओतलेल्या डिश, ओट्स आणि एक पांढरा एलईडी दिवा मिळतो.

स्क्लेरोशियम चोख. सेंटिमीटरभर तुकडा ओल्या आगरवर पालथा ठेवून २०–२५ अंशांना अंधारात ठेवला की साधारण दिवसाभरात पिवळा प्लास्मोडियम, म्हणजे जागा झालेला पसरता जीव, सरकू लागतो. ओट्सचे दोन-तीनच दाणे टाका. जास्त झाले की आधी बुरशी धरते. धरलीच तर खरवडत बसू नका, पुढची पिवळी कड आगरसकट कापून नव्या डिशमध्ये हलवा. डिश संपल्या तर लिटरभर पाण्याला १५ ग्रॅम आगर पावडर, कुकरमध्ये १५ मिनिटं. साखर-मीठ नाही.

दिवा मात्र कुचकामी. तो सतत जळतो आणि प्लास्मोडियम उजेड टाळतो, त्यामुळे फ्रेममधून पळून तो झाकणाच्या कडेला जातो. रिले (दिवा आपोआप चालू-बंद करणारा स्विच) लावून फोटोपुरताच, एक-दोन सेकंद, दिवा पेटवा. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने पक्के करा, नाहीतर फिल्म लुकलुकते. हाताने फोकस करायचा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा एचक्यू कॅमेरा इथे सोयीचा.

संचातल्या पत्रकात दर २ मिनिटांनी फोटो घ्या म्हटलंय. पसरणं टिपायला ते ठीक: दिवसाचे ७२० फोटो, सेकंदाला २४ फ्रेमने ३० सेकंदांची फिल्म. पण शिरांमधला प्रवाह मिनिटा-दीड मिनिटाने उलटतो. २ मिनिटांच्या अंतराने ते स्पंदन हरवतं, उरते नुसती थरथर. त्यासाठी मंद उजेडात दर ५ सेकंदांनी अर्धा तास घ्या, १५ सेकंदांचा तुकडा मिळेल.

चित्र धूसर करणाऱ्या झाकणावरच्या थेंबांवर पत्रक गप्प आहे. ९० मिमीच्या डिशमध्ये आगर २० मिली, म्हणजे जेमतेम ३ मिमी जाड ओता, डिश पालथी ठेवा आणि वरून आगरमधूनच चित्रण करा.

खोक्यावरचं ‘संपूर्ण जीवनचक्र’ मनावर घेऊ नका. अंधारात आठवडाभर उपाशी ठेवून मग काही तास उजेड दिला की बीजाणुधानी (बीजाणू बनवणारे कोष) साधारण दिवसाभरात उभ्या राहून काळ्या पडतात. तेव्हा मिनिटाला एक फोटो, रात्रभर. पुढचं सगळं, म्हणजे बीजाणूतून निघणारे अमीबा, वेगळ्या प्रकारच्या दोघांचा संयोग आणि त्यातून नवा प्लास्मोडियम, ४०० पट सूक्ष्मदर्शकाखालचं काम. अमीबांना खायला जिवाणूही लागतात. संचात दोन्ही नाहीत.