फीड बॅलन्सर, नऊएक महिन्यांनंतर: घोडीला काय मानवलं, मला काय पटलं नाही

आधी निकाल सांगते: हा बॅलन्सर, म्हणजे प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि खनिजं एकवटलेलं, थोड्या मापात द्यायचं खाद्य, मी पुढेही चालू ठेवणार आहे. पण पोत्यावर छापलेल्या दाव्यांपैकी निम्म्यांचं श्रेय मी त्याला देणार नाही. त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्याने बाकीच्या पुरवण्यांचे डबे तबेल्याबाहेर काढले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साधारण अशाच घटकांचे बॅलन्सर बरेच जण बनवतात, आणि पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडेल.

घोडी सुमारे 500 किलोंची, उड्यांच्या स्पर्धा करणारी. काम मध्यम, स्पर्धा जवळ आल्या की जड. ती आली तेव्हा आधीच्या मालकांची खुराकाची यादीही सोबत आली: खुरांची पावडर, रक्तवाढीचं टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन, ई-सेलेनियम (ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज), वर चंदीत मका, कोंडा आणि दीड किलो तयार खाद्य. एक ना धड, भाराभर चिंध्या.

यातली गंमत तयार खाद्यात होती. पोत्यावर लिहिलेलं, रोज 4 ते 5 किलो द्या. एवढं दिलं की घोडी अंगाने सुटायची आणि डोक्यानेही तापायची, म्हणून मिळायचं दीड किलो. पण कंपनीने जीवनसत्त्वं आणि खनिजं मिसळलेली असतात ती पूर्ण मापाच्या हिशोबाने. माप तिसऱ्या हिश्श्यावर आणलं की तीही तिसऱ्या हिश्श्यावर येतात. ती तूट भरायला एक डबा येतो, मग खुरांसाठी दुसरा, आणि कशाची बेरीज कुठे होतेय हे कोणीच बघत नाही. आमच्याकडे सेलेनियम तीन ठिकाणांहून जात होतं. एवढ्या घोड्याला त्याची मूळ गरज दिवसाला 1 मिलिग्रॅमच्या आसपास, काम करणाऱ्याला 2-3 देतात. गरज आणि विषबाधा यांच्यातलं अंतर या खनिजाच्या बाबतीत फार कमी आहे. 2009 मध्ये फ्लोरिडात यूएस ओपन पोलोच्या वेळी 21 घोडे दगावले, ते टोचलेल्या मिश्रणात सेलेनियम बेसुमार पडल्यामुळे. तोबऱ्यातून इतकं जाणं कठीण, तरी तीन-तीन डब्यांतून ते ओतायचं काहीच कारण नाही.

बॅलन्सर रोज अर्धा किलो. त्यात प्रथिनं, लायसिन (स्नायूंना लागणारं अमिनो आम्ल), तांबं, जस्त, सेलेनियम, बायोटिन सगळं एकाच मापात; स्टार्च नगण्य. ऊर्जा वेगळी द्यायची, म्हणजे काम वाढलं की ओट वाढवायचे, विश्रांतीच्या दिवशी कमी करायचे, आणि खनिजांचं गणित जागच्या जागी राहतं. मला हेच सगळ्यात आवडलं. पूर्वी खाद्य कमी केलं की सगळंच कमी व्हायचं.

मात्र हे सगळं वैरणीवर उभं आहे, आणि त्याबद्दल पोत्यावर एकच ओळ आहे. घोड्याला दिवसाला वजनाच्या निदान दीड टक्का कोरडा चारा हवाच. मी दोन टक्के धरते, म्हणजे गवतातला थोडा ओलावा धरून वाळलेलं गवत 11 किलोंच्या आसपास. पेंढ्या मोजून हे कळत नाही, ताणकाट्याला जाळी लटकवून वजनच करावं लागतं. दोन सारख्या दिसणाऱ्या पेंढ्यांत चांगला दीड-दोन किलोंचा फरक निघतो. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. गवताशिवाय लांबलेली रात्र आणि सकाळी रिकाम्या पोटी उड्या, असं चालू असेल तर कुठलाही डबा जठरातले व्रण थांबवणार नाही. आता खोगीर घालण्याआधी ती थोडी लसूणघासाची कुट्टी खाते.

मका बंद, कोंडा बंद. कोंड्याचा लोकांना फार लळा असतो, पण त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावं आणि कधीही फॉस्फरसपेक्षा कमी होऊ नये, नाहीतर शरीर कॅल्शियम हाडांतून ओढतं. ओट 2 किलो, तीन वेळांत वाटून. एका वेळी स्टार्च घोडीच्या वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅमच्या आत आरामात राहतो. बदल दोन आठवड्यांत हळूहळू केला, लीद एकदाही बिघडली नाही.

आता परिणाम. पहिले काही दिवस तिने गोळ्या वेचून बाजूला सारल्या. कुट्टी ओली करून त्यात कालवल्यावर खाऊ लागली. दोनेक महिन्यांत अंगावर चकाकी आली. यात बॅलन्सर किती आणि केस झडण्याचा मोसम किती, सांगता येणार नाही. पाठीवरचे स्नायू भरले, पण त्याच काळात आमचं चढावरचं कामही वाढलं होतं. लायसिन नसेल तर कामाने स्नायू भरत नाहीत आणि काम नसेल तर लायसिनने, त्यामुळे श्रेय दोघांना.

खुरांबद्दल मात्र मी ठाम आहे. खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. वरून निघालेलं नवं शिंग (खुराचं कठीण आवरण) टोकापर्यंत यायला 9 ते 12 महिने लागतात. त्यामुळे सहा आठवड्यांत फरक दिसला असं कोणी म्हणालं की मी पुढचं वाचत नाही. आमच्याकडे पाचव्या-सहाव्या महिन्यात मुकुटाकडून, म्हणजे खुराच्या वरच्या कडेकडून, उतरणारा पट्टा वेगळा, गुळगुळीत दिसू लागला, आणि आता नालबंदाला खिळ्यांसाठी चांगली जागा सापडते. यात दिवसाला 20 मिलिग्रॅम बायोटिन मिळतं. खुरांसाठी साधारण याच मात्रेची शिफारस असते.

तक्रारी आहेतच. सोबतचा मापाचा कप भरभरून घेतला तरी काट्यावर अर्धा किलो भरत नाही, म्हणून तो फेकून मी वजनानेच देते. लोह घातलंय, ते कशाला? चाऱ्यातून घोड्याला लोह सहसा भरपूर मिळतं आणि जास्तीचं लोह तांब्या-जस्ताच्या आड येतं. ई जीवनसत्त्व तोकडं आहे. जड कामाला 500 किलोंमागे रोज 1000 आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) लागतात, आणि गवत वाळताना त्यातलं बरंचसं निघून जातं. हिरवा चारा नसतो त्या महिन्यांत मी नैसर्गिक ई वेगळं देते. तेल वाढवलं तर तेही वाढवावं लागतं.

मीठ तर जवळजवळ नाहीच. नुसत्या उभ्या घोड्यालाही दिवसाला 25 ग्रॅम साधं मीठ लागतं. आमची घामाने निथळली की मी 50 पर्यंत जाते, शेजारी पाण्याची बादली भरलेली ठेवून. चाटायचा खडा टांगलेला आहे, पण तो ती मनात आलं तरच चाटते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी एक पाहावं: कोणत्याही पुरवणीत डेव्हिल्स क्लॉ, व्हॅलेरियन (दोन्ही औषधी वनस्पती) किंवा कॅप्सेसिन (मिरचीतला तिखट घटक) नाही ना. ‘नैसर्गिक’ लिहिलं असलं तरी एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या) चाचणीत ते सापडतं. दर पोत्याचा बॅच क्रमांक मी फोटो काढून ठेवते.

जो घोडा तयार खाद्य पोत्यावरच्या पूर्ण मापाने खातो, त्याला हे देऊ नका. सगळं दुप्पट होईल. अंगाने भरलेल्या, हलकं काम करणाऱ्या घोड्याला गवत, बॅलन्सर आणि मीठ एवढ्यावर भागतं, ओटही लागत नाहीत. आमच्या गवताचा नवा लॉट आला की नमुना तपासायला जाईल. त्यात लोह फार निघालं तर लोह नसलेला बॅलन्सर शोधीन, नाहीतर हाच.