तीन घरांची पाळी: आठ महिने वापरल्यानंतर

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे अंगणवाड्या बंद झाल्या, पण अंगणवाडी सेविका रिकामी झाली नाही. तिला सर्वेक्षणाला लावलं, टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं घरोघरी पोचवायला लावलं. जी बाई दुपारपर्यंत गावभराची लेकरं सांभाळायची, तिचंच लेकरू आता कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न झाला. आशाताई, एएनएम सिस्टर (उपकेंद्रातली नर्स), नळयोजनेचा पंप चालवणारा, लाइनमन, सगळ्यांच्या घरी तेच. आजी दुसऱ्या तालुक्यात, एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमेवर नाका. शेजारीण मनाने चांगली, पण बाधितांच्या घरी जाऊन आलेल्या बाईचं पोरगं आपल्या ओसरीत घ्यायला तिला भीती वाटायची. त्या भीतीला दोष देता येत नाही.

त्यातून ‘तीन घरांची पाळी’ ही पद्धत बसली: तीन घरांनी एकमेकांची लेकरं आळीपाळीने सांभाळायची. अमरावती-यवतमाळकडच्या खेड्यांत ती आम्ही ऑगस्ट 2020 ते मार्च 2021 अशी आठ महिने वापरली. त्यात माझे कुटुंब माझी जबाबदारी ही कोविडच्या घरोघर तपासणीची मोहीम आली, कापसाची वेचणी आली, जानेवारीत लसीकरण सुरू झालं आणि फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. म्हणजे पद्धतीची परीक्षा चांगलीच झाली. आमचं मत असं की लेकरू कोणाकडे ठेवायचं यावर लोक फार विचार करतात, आणि ते घर सकाळी सहाला ‘नाही’ म्हणालं तर काय, यावर अजिबात करत नाहीत. पाळी मोडते ती तिथेच.

मांडणी साधी आहे. घरं तीनच, मुलं जास्तीत जास्त सहा. एका सांभाळणाऱ्या बाईकडे एका वेळी चारच्या वर मुलं नाहीत, आणि त्यात दोन वर्षांखालचं एकच. पाच घरांची पाळीही करून पाहिली. दिवस वाटून घ्यायला ती सोपी जाते, पण एका घरात ताप निघाला की पाचही घरं 14 दिवस विलगीकरणात बसायची आणि गावातलं निम्मं आरोग्याचं काम अडायचं. तीन घरांत निदान बाकीचा गाव चालू राहायचा आणि संपर्कातली माणसं बोटांवर मोजता यायची.

घरं निवडताना सगळ्यांची एकच चूक होते. तिन्ही आशांची घरं एकत्र येतात, कारण एकमेकींची अडचण त्यांनाच कळते. पण त्यांचं काम एकाच दिवशी निघतं. सप्टेंबरच्या मोहिमेत पथकाला दिवसाला 50 घरं होती; त्या दिवसांत तिघीही बाहेर. 31 जानेवारीला पल्स पोलिओ, पुन्हा तिघीही बाहेर. ज्या दिवशी पाळीची खरी गरज, त्याच दिवशी ती रिकामी. म्हणून घरं वेगवेगळ्या कामाची घ्यावी: एक आशा किंवा सेविकेचं, एक पंपवाल्याचं किंवा लाइनमनचं, आणि एक असं घर जिथे कोणीतरी दिवसभर घरीच असतं, शिलाई मशीनवाली किंवा किराणा दुकानवाली. पंपवाल्याची वेळ बहुधा ठरलेली असते, सकाळी टाकी भरली की तो मोकळा. बापाची पाळी वहीत बापाच्याच नावाने लिहावी. ‘घरचे बघतील’ असं लिहिलं की ते काम आपसूक घरातल्या बाईवर जातं.

आता दुसरं नाव, म्हणजे पहिलं घर ऐनवेळी ‘नाही’ म्हणालं तर लेकरू घेणारं घर. रोज संध्याकाळी आठला तिन्ही घरांचं बोलणं व्हायचं: उद्या पहिलं घर कोणतं, दुसरं कोणतं. दोन्ही नावं वहीत. दुसऱ्या घराने दिवसभर मोकळं बसायचं असं नाही, पण निरोप आल्यावर अर्ध्या तासात लेकरू घ्यायचं, आणि त्या दिवशी गावाबाहेर जायचं नाही. कामाचा निरोप वरून रात्री दहाला येतो आणि सकाळी सातला निघायचं असतं, हे आठ महिन्यांत बदललं नाही. म्हणून आठच्या बोलण्यात दुसऱ्या दिवशीचं काम नसलं तरी दोन नावं ठरवायचीच. काम नसताना ठरवलेली नावं वाया जात नाहीत. न ठरवलेली मात्र नेमकी त्याच रात्री लागतात.

निरोपाचा नियम वेगळा सांगावा लागतो. आपल्या कितीतरी गावांत घरात रेंज नसते, पाण्याच्या टाकीजवळ गेलं की मिळते. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला म्हणजे निरोप पोचला असं धरू नये. समोरच्याचं तोंडी ‘हो’ आलं तरच पोचला. नाहीतर कोणीतरी दारापर्यंत जायचं. मिस्ड कॉलवर चाललेल्या पाळ्या पहिल्या महिन्यातच मोडल्या.

प्रत्येक लेकराचा एक झोळा, आणि तो आपल्या घरी नाही, दुसऱ्या घरी टांगलेला. पहिल्या घरी लेकरू निवांत तयारी करून जातं; दुसऱ्या घरी घाईत जातं, आणि घाईत काहीतरी राहतंच. झोळ्यात दोन जोड कपडे, दुपट्टं, त्याचाच पेला, त्याचीच वाटी-चमचा, ओआरएसची एक लिटरची दोन पाकिटं, तापाचं औषध, माता-बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर वजन, काय सोसत नाही ते, तीन मोबाईल नंबर आणि 108. वजन दर दोन महिन्यांनी नव्याने लिहायचं.

तापाच्या औषधात मोठी चूक होते, म्हणून सविस्तर. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं: 5 मिलीत 125 मिलिग्रॅम आणि 5 मिलीत 250. बाटल्या दिसायला सारख्याच. 10 किलोच्या लेकराला एका वेळी 150 मिलिग्रॅम बसतं, म्हणजे पहिल्या बाटलीतून 6 मिली आणि दुसरीतून 3 मिली. आईने ‘सहा द्या’ सांगितलं आणि घरात दुसरी बाटली असली तर डोस दुप्पट होतो. तिन्ही घरांत एकाच ताकदीची बाटली ठेवावी, त्यावर मार्करने ताकद आणि त्या लेकराचा मिलीतला डोस सिस्टरकडून लिहून घ्यावा. दोन डोसांत सहा तास, आणि दिलं की वेळ वहीत. ओआरएसचंही तसंच: मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट टाकून ‘घट्ट’ करून पाजलं तर मीठ जास्त होतं आणि लेकराला अपाय होतो. केलेलं पाणी 24 तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं.

खाऊत अख्खे फल्लीदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालच्याला नको, श्वासनळीत अडकतात. दाण्याचं कूट करून गुळाचा लाडू द्यावा. खिचडी, मुरमुरे, केळी ठीक.

जागेबद्दल विदर्भात काही गोष्टी खास बघाव्या लागतात. ज्या खोलीत फवारणीचा पंप किंवा औषधाच्या डब्या आहेत, ती खोली बाद, कुलूप असलं तरी बाद. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, आणि ती वावरात काम करणारी मोठी माणसं होती. रिकामी डबी धुऊन पाण्याला वापरायची सवय अजून काही घरांत आहे. पाळीत येणाऱ्या घराला हे पहिल्या दिवशीच विचारावं, संकोच करू नये. कापूस साठवलेली खोलीही नको. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये खरेदी थांबली तेव्हा कितीतरी घरांत कापूस छतापर्यंत होता. त्याने अंगाला खाज सुटते, आणि आगीचा धोका वेगळाच. मार्चनंतर कुलर: लोखंडी कुलरला अर्थिंग नसेल तर लेकरू ओल्या हाताने धरतं आणि करंट लागतो. मुलं असताना कुलरचा प्लग काढलेला असावा, किंवा कुलर खिडकीबाहेर आणि पत्र्याला हात पोचणार नाही असा. पाण्याच्या ड्रमवर झाकण आणि झाकणावर दगड. पावसाळ्यात निजवण्याआधी अंथरूण झटकायचं, विंचू निघतो. उत्तम जागा म्हणजे दोन बाजूंनी हवा येणारी ओसरी, एका बाजूला बाज आडवी लावलेली.

सॅनिटायझर मुलांच्या खोलीत आम्ही बंदच केलं. साबण-पाणी पुरतं. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, तेही प्रशिक्षित हातांकडून. मग घाईतल्या घरात काय होईल ते सांगायला नको. शिवाय चुलीजवळ ते पेट घेतं. फरशी पुसायला ब्लीचिंग पावडर: 33 टक्क्यांची पावडर असेल तर 30 ग्रॅम एक लिटर पाण्यात, की एक टक्क्याचं द्रावण होतं. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा 30 ग्रॅम तोलून एका डबीवर खूण करून ठेवावी. रोज ताजं करायचं, उन्हात ठेवलं की जोर जातो. फिनाईल किंवा ॲसिडमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. मुलांच्या अंगावर फवारायचं तर नाहीच.

सकाळी दारात ताप बघायचा तो काखेतल्या थर्मामीटरने. कपाळावर धरायची बंदूक उन्हातून आलेल्या लेकराला उगाच ताप दाखवते; ती वापरायचीच असेल तर आधी पंधरा मिनिटं सावलीत बसवावं. काखेत 99.5 च्या वर असेल तर लेकरू आत नाही, आणि त्याची आईही त्या दिवशी कामावर नाही. हा दुसरा भाग वरिष्ठांना आधी सांगून ठेवावा लागतो, लेखी. ऑक्सिमीटर तान्ह्याच्या बोटाला लावू नये, मोठ्यांच्या चिमट्यात ते नीट बसत नाही आणि आकडा चुकीचा येतो.

अंगावर पिणारं लेकरू असेल तर सर्वेची वाट बदलावी. वस्तीच्या एका टोकापासून सरळ जाण्याऐवजी पाळीच्या घराजवळची घरं मध्ये, साडेअकराच्या सुमारास येतील अशी लावली की आई हात धुऊन, मास्क लावून पाजू शकते. पथकातले बाकीचे तेवढ्यात शेजारच्या दोन घरांची नोंद करतात. काढून ठेवलेलं दूध आपल्याकडे हिवाळ्यातच बाहेर टिकतं, तेही चार तास. मार्चपासून त्याचा भरवसा धरू नये. द्यायचं ते वाटी-चमच्याने, बाटलीने नाही.

संध्याकाळी आई परत येते तेव्हा लेकरू धावत येऊन बिलगतं आणि सगळा दिवसभराचा नियम तिथे मोडतो. उपाय एकच चालला: आईने थेट आपल्या घरी जायचं, कपडे साबणाच्या पाण्यात, आंघोळ, मगच पाळीच्या घरच्यांना हाक. तोवर लेकराला ‘आई आली’ असं कोणी सांगायचं नाही.

पैसे. यावर आधी संकोच होतो आणि पाळी नेमकी वेचणीत मोडते. ऑक्टोबर लागला की सोयाबीनची सोंगणी, मग कापूस; वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. तुमचं लेकरू सांभाळणारी आजी किंवा काकू त्या दिवशी वावरात गेली असती, म्हणजे तिची मजुरी बुडते. ओळखीपोटी ती दोन आठवडे करते, तिसऱ्यात दार बंद असतं, आणि तिचं बरोबर असतं. पाळीतलं घर असेल तर दिवसाला दिवस फेडावा, पाळीबाहेरची बाई असेल तर रोख, दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी. कोविडच्या कामाचे आशांना केंद्राकडून महिन्याला 1000 रुपये ठरले होते; महिनाभर रोख देऊन सांभाळायला ठेवलं तर ते सगळे त्यातच जातात. हे त्या बाईचं चुकत नाही, रक्कम ठरवताना लेकरू धरलेलंच नव्हतं. मनरेगाच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर एका बाईला मजुरी देऊन त्यांना सांभाळायला नेमायचं, असा नियम 2005 च्या मनरेगा कायद्यात घातला होता. पाळणाघराचा कायदा 50 किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला लागू होतो. आशा कागदावर स्वयंसेविका, म्हणून ती दोन्हीत बसत नाही. ग्रामसभेत मनरेगाचा दाखला देऊन मागणी लावून धरावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट आम्ही पद्धतीबाहेरच ठेवली. अकरा-बारा वर्षांची थोरली बहीण हे दुसरं नाव नाही. तेव्हा शाळा बंद होती म्हणून ती मोकळी दिसायची. घरात एकच मोबाईल, तोही आईबरोबर सर्वेला. तिचा अभ्यास आधीच बुडालेला. तिच्या भरवशावर दोन वर्षांचं लेकरू ठेवलं की दोन मुलांचं नुकसान होतं. साठीपुढच्या, शुगर-बीपीच्या आजीचंही नाव आम्ही गाव बाधित असताना काढून टाकायचो. आजी रागवायच्या, तरी.

रात्रीचं बाळंतपण ही या पद्धतीची उघडी बाजू आहे. आशाला रात्री दोनला 108 मध्ये बसून जावं लागतं आणि ती कधी परत येईल ते कोणी सांगू शकत नाही. झोपलेलं लेकरू उचलून दुसऱ्या घरी नेलं की ते घाबरून उठतं आणि पहाटेपर्यंत रडतं. म्हणून रात्री लेकरू हलवायचं नाही, दुसऱ्या घरच्या बाईने यायचं. दाराची एक किल्ली तिच्याकडे, तिच्यासाठी ओसरीत एक अंथरूण, आणि उशाशी पाण्याचा तांब्या व टॉर्च.