जुन्या मोटरहोमची चाके कशाने आवळावीत: एअर गन, व्हील पाना की टॉर्क पाना?

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली की ती घर होते. तिची चाके मात्र त्याच जुन्या स्टडवर, म्हणजे नट ज्यांवर बसतात त्या आटे पाडलेल्या दांड्यांवर, उभी असतात, आणि त्यांच्यावरचा भार वाढलेला असतो. 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो एकट्या पाण्याचेच होतात. अशा गाडीचे नट कशाने आवळावेत, हा प्रश्न नागपुरातल्या मालकापुढे येतो तेव्हा त्याच्यासमोर तीन मार्ग असतात: टायरच्या दुकानातली, हवेच्या दाबावर नट फिरवणारी एअर गन, गाडीसोबत आलेला व्हील पाना आणि स्वतः विकत घेतलेला टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या आकड्याइतका जोर लागला की ‘टक’ करणारा पाना.

निवड करण्यापूर्वी नट नेमके काय करतो हे पाहणे आवश्यक आहे. चाकाचा भार स्टडने आडवा पेलावा अशी ही रचना नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणामुळे रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, घट्ट दाबली जाते, आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण भार वाहते. ताण कमी पडला तर रिम सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते आणि स्टड थकून तुटतो. ताण फार झाला तर स्टड कायमचा लांबतो आणि त्याची पकडच जाते. शिवाय आपण लावलेल्या जोरापैकी सुमारे 90 टक्के जोर आट्यांमधील आणि नटाच्या बैठकीवरील घर्षणात खर्च होतो, प्रत्यक्ष ताण निर्माण करतो तो उरलेला 10 टक्केच. त्यामुळे गंजलेल्या आट्यांवर आकडा बरोबर येऊनही नट सैल राहू शकतो, आणि तेल लावलेल्या आट्यांवर तोच आकडा स्टडला अती ताणू शकतो. आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितले नसेल तर कोरडेच ठेवावेत.

एअर गनचा वेग मोठा आहे आणि घट्ट बसलेले नट सोडवण्यासाठी तिच्याइतके सोयीचे साधन नाही. आवळण्यासाठी मात्र मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. गनचा जोर कॉम्प्रेसरमधील हवेच्या दाबावर, नळीच्या लांबीवर आणि बटण किती सेकंद दाबून धरले यावर बदलतो, म्हणून एकाच चाकाच्या दोन नटांमध्येही फरक पडतो. वाडीजवळच्या एका दुकानात माझ्या गाडीची मागची चाके गनने आवळून दिली होती. पुढे पंक्चर झाले तेव्हा दोन नट व्हील पान्याने सुटेनात, आणि तिसरा सुटला तो स्टडचे आटे घेऊनच. गनने आधीच जास्त आवळलेल्या नटावर नंतर टॉर्क पाना लावणेही निरुपयोगी ठरते, कारण तो लगेच ‘टक’ करतो आणि सारे ठीक असल्याचा चुकीचा दिलासा देतो. दुकानदाराला नम्रपणे सांगावे की गनने नट सोडवा, पण बसवताना हातानेच बसवू द्या.

व्हील पाना स्वस्त असतो आणि नेहमी गाडीत असतो. त्याचा दोष असा की तो किती जोर लागला हे सांगत नाही. 75 किलोचा माणूस 50 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे 368 न्यूटन मीटर (फिरवण्याचा जोर मोजण्याचे एकक) जोर लागतो, आणि उडी मारली तर त्याहूनही बराच जास्त. रस्त्यात दुसरे साधन नसेल तर हुकाचा वजनकाटा पान्याच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढावे: 50 सेंटिमीटरवर 35 किलोची ओढ म्हणजे सुमारे 172 न्यूटन मीटर.

माझा कौल टॉर्क पान्याच्या बाजूने आहे, परंतु तो घेताना आधी पुस्तिकेतील आकडा पाहावा. जुन्या पुस्तिकांत हा आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, त्याला 9.81 ने गुणले की न्यूटन मीटर मिळतात. अर्धा इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसते त्या चौकोनी टोकाचा) पाना सहसा 200 न्यूटन मीटरच्या आसपास संपतो, तर मोठ्या ट्रकच्या चेसिसवर बांधलेल्या गाडीच्या 22 मिलिमीटरच्या स्टडला 500 च्या वर जोर लागतो, तेव्हा पाऊण इंची पान्याला पर्याय नाही. मोटरहोमची बॉडी अनेकदा मागच्या चाकावर खाली उतरलेली असते, त्यामुळे सॉकेटसोबत एक्स्टेंशनही घ्यावे. या पान्याने नट कधीही सोडवू नये आणि ठेवताना त्याची मुठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणावी.

रिम आणि हब यांच्यामधील गंज, माती किंवा रंगाचा जाड थर आधी खरवडून काढावा. मागे जोडचाके असतील तर दोन्ही रिमच्या मधली फटही तपासावी, कारण तो थर धावताना दबतो आणि नट आपोआप सैल पडतात. नटाच्या बैठकीचा उतार रिमच्या भोकाच्या उताराशी जुळला पाहिजे; नंतर बसवलेल्या अलॉय रिमवर जुने नट चालतीलच असे नाही. विलीज जीपसारख्या काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्यापूर्वी स्टडच्या टोकावरचे ‘एल’ अक्षर शोधावे. चाक हवेत असताना नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवावेत, मग चाक जमिनीला टेकवून त्याच क्रमाने दोन टप्प्यांत आकडा गाठावा.

चाक काढून बसवल्यानंतर 50 ते 80 किलोमीटरवर पुन्हा तपासणी करावी लागते, म्हणून त्याच दिवशी थेट समृद्धी महामार्गावर चढू नये. तिथे वाटेल तिथे थांबता येत नाही. नागपूरहून रामटेक सुमारे 50 किलोमीटरवर आहे. तिथवर जाऊन ब्रेकचे ड्रम थंड होऊ द्यावेत आणि टॉर्क पाना त्याच आकड्यावर लावावा. नट न हलता ‘टक’ झाले तर पुढे जाण्यास हरकत नाही. एखादा नट पाव वळसा फिरला तर ते चाक उतरवून रिमचा सांधा पुन्हा पाहावा.