फिलिपचा घोडेस्वार की थासोसचा हेराक्लीस?
डॅन्यूबच्या खोऱ्यात ग्रीक चांदीच्या नाण्यांच्या ज्या नकला पाडल्या गेल्या, त्यांत दोन प्रकार ठळक. एक मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या (इ.स.पू. 359–336) टेट्राड्राक्म या चार ड्राक्मांच्या चांदीच्या नाण्यावरून: पुढे ग्रीकांचा देवराज झ्यूस, मागे घोडेस्वार. दुसरा थासोस बेटाच्या, इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या रुंद नाण्यावरून: पुढे मद्याचा देव डायोनिसस, मागे गदा घेतलेला ग्रीक वीर हेराक्लीस.

मला विचाराल तर फिलिपवाली सरस. इथला केल्टिक (मध्य युरोपातल्या केल्ट टोळ्यांचा) कारागीर नक्कल करता करता स्वतःचंच काही घडवू लागतो. झ्यूसची दाढी मण्यांच्या ओळी होते, घोड्याचे सांधे गोळे, पाय काड्या; स्वाराचं कधीकधी नुसतं धड उरतं. फिलिपचं नाव रेघोट्यांत विरतं. (ग्रीक अक्षरांची अशीच दुर्दशा आपल्याकडे पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर दिसते.) मूळ वजन सुमारे 14 ग्रॅम, पुढे तेही घटतं आणि चांदीही हिणकस होत जाते.

थासोसवाली हातात भारदस्त, साधारण 16 ग्रॅमची. नाण्यावरच्या अक्षरांच्या जागी ठिपक्यांच्या रांगा येतात त्या झकास, पण हेराक्लीस आपला ठोकळ्यासारखा उभा. शिवाय यांतली बरीचशी थ्रेसच्या (आजच्या बल्गेरियाच्या आसपासचा प्रदेश) लोकांनी पाडलेली असावीत, तरी विक्रेते सरसकट ‘केल्टिक’ म्हणून खपवतात.