मालवणच्या आडगल्लीतील जर्मन बिल्ले

मालवणच्या बाजारपेठेला लागून असलेल्या एका आडगल्लीत जुन्या वस्तूंचे एक दुकान आहे. तांब्याचे हंडे, समया, गलबतांवरचे कंदील आणि घड्याळे यांच्या गर्दीत काउंटरच्या काचेखाली तेथे जर्मन लष्करी पदके आणि बिल्लेही मांडलेले असतात, आणि त्यांच्यासाठीच मी गेली तीन वर्षे तेथे जातो आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार या धंद्यातील एका सवयीबद्दल आहे आणि ती इतर दुकानांतही आढळते.

कोकणात जर्मन पदके आली कोठून, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. मराठा पलटणी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जर्मनांशी लढल्या. त्या लढाईत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातीलच. तेव्हा एखाद्या जवानाच्या ट्रंकेत एखादे पदक इकडे आले असेल, यात अशक्य काही नाही. अडचण अशी की दुकानदारांना हे चांगले ठाऊक असते आणि प्रत्येक वस्तूला ते एक आजोबा जोडून देतात.

माझ्याच बाबतीत तसे झाले. गेल्या वर्षी मालकांनी मला 1939 सालचा आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मनांचे शौर्यपदक, दाखवला आणि म्हणाले, "आज्यान इटलीसून हाडलेला आसा." दुकानात अंधार होता, भिंग घरी राहिले होते आणि घासाघीस करून 4,200 रुपयांत सौदा झाल्याचा आनंदच मोठा होता. घरी खिडकीशी बसून पाहिले, तेव्हा क्रॉसच्या मधोमध नाझी चिन्हाऐवजी ओकची पाने दिसली. युद्धात मिळालेली पदके नाझी चिन्ह काढून वापरण्याची मुभा पश्चिम जर्मनीने 1957 सालच्या कायद्याने दिली आणि त्यानंतर अशी पदके नव्याने घडवली गेली. खालच्या भुजेवर साल मात्र 1939 हेच राहिले. म्हणजे 1944 साली इटलीत असलेल्या आजोबांना हा क्रॉस मिळणे कालगणनेतच बसत नव्हते. ही नक्कल नव्हे, तीही संग्रहाचीच वस्तू आहे, पण तिची किंमत वेगळी असते.

मालकांनी पैसे परत दिले नाहीत. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी त्यांनी बोटाने दाखवली, पण बराच वेळ बोलल्यावर बदली माल देण्यास ते तयार झाले. मी मागितलेला, 1918 सालचा काळा जखमी-बिल्ला तेव्हा मिळाला आणि दुकानाबद्दल चांगले लिहावे असे जे काही आहे, ते या बिल्ल्यात आहे. जर्मन सम्राट कैसरने 3 मार्च 1918 रोजी युद्धात जखमी झालेल्यांसाठी हा सन्मान सुरू केला. एक-दोन जखमांना काळा, तीन-चार जखमांना चंदेरी आणि पाच किंवा अधिक जखमांना सोनेरी. माझा बिल्ला पातळ लोखंडी पत्र्यावर ठसा मारून केलेला आहे. पुढे पोलादी शिरस्त्राण, त्यामागे फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या दोन तलवारी आणि भोवती पानांचे कडे, तर मागून पाहिले की पोकळी आणि साधी लांब पिन. काळा रंग उंचवट्यांवरच झिजलेला आहे, खोलगट भागात तसाच टिकून आहे, आणि अशी झीज कानशीने आणता येत नाही.

1914 सालचे आयर्न क्रॉसही तेथे अधूनमधून येतात. अस्सल क्रॉसमध्ये लोखंडी गाभ्याभोवती चंदेरी चौकट वेगळी बसवलेली असते, म्हणून सहसा मधला भाग लोहचुंबकाला चिकटतो आणि भुजांच्या कडेने चौकटीचा सांधा भिंगातून दिसतो. दुकानातील दोन क्रॉस एकसंध ओतलेले निघाले. त्यांच्या कडेवरचे बारीक मणी चावल्यासारखे बोथट होते आणि मागे बुडबुड्यांचे खड्डे. मालकांना हे दाखवल्यावर त्यांनी न रागावता ते काउंटरवरून उचलले, हे नमूद केले पाहिजे.

त्यांची एक सवय मात्र मला सहन होत नाही. गिऱ्हाईक येणार म्हटले की ते पदकांना चिंच आणि मीठ लावून समईसारखे लखलखीत घासतात. शंभर वर्षांत चढलेला रंग त्याने पाच मिनिटांत उतरतो आणि मीठ लोखंडाच्या फटीत राहून पुढच्या पावसाळ्यात गंज धरते. मालवणच्याच दांडी किनाऱ्यावरची खारी हवा काम करायला असतेच. घासलेली वस्तू घेऊ नये, आणि न घासलेली मिळाली तर मऊ कोरड्या कापडाने पुसून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांपासूनही धातूला त्रास होतो.

त्या एका क्रॉसचा अपवाद सोडला तर नाझी काळातील वस्तू मी जमवत नाही; त्या राजवटीने काय केले हे माहीत असताना ते चिन्ह घरात मांडावे असे वाटत नाही, आणि दारातल्या रांगोळीतील स्वस्तिकाशी त्याची गल्लत करणारे पाहुणे आले की समजावत बसावे लागते ते वेगळेच. पण पहिल्या महायुद्धातील साहित्य पाहणाऱ्याने या दुकानात जरूर जावे. सकाळी अकराच्या आत जावे, कारण तेवढाच वेळ दारातून उजेड काउंटरपर्यंत येतो.