काळ्या कोटातून सुटलेला गुलाबी रंग

कागदाला खळ लावली आणि काळ्या कोटातून गुलाबी रंग सुटायला लागला, तेव्हा आधी वाटलं, कुंचला नीट धुतला नसेल. फोटो नवरा-बायकोचा. तो खुर्चीत, पगडी आणि काळा कोट घालून; ती शेजारी उभी, नऊवारीत. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा, त्यावर कुठलंसं तळं आणि कमान. कोटाच्या खांद्याची उतरण मला हुबेहूब सिंहगडाच्या कड्यासारखी दिसली होती, म्हणून ब्लेडने तो कोट कापून घेतला होता. आता त्याच कड्याच्या कडेने गुलाबी आणि निळ्या रंगाची झालर पसरत होती.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात जुन्या फोटोंची कोलाज करते. सुरुवात एका शेजाऱ्यांच्या देवघरातल्या चित्रामुळे झाली. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचं मनोरथ चित्र होतं. श्रीनाथजी, गाई, भक्तांचे कपडे, सगळं हाताने रंगवलेलं, आणि भक्तांचे चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवलेले. यात्रेला आलेल्या कुटुंबाला देवासमोर कायमचं उभं करून देणारे ते चित्रकार आपल्याकडचे पहिले कोलाजवाले, असं माझं मत आहे. तेव्हापासून रविवारी किंवा बुधवारी पुण्यातला जुना बाजार, मुंबईला गेले तर मटण स्ट्रीटचा चोर बाजार. वीस-पन्नास रुपयांना एक याप्रमाणे ढिगातून फोटो निवडायचे. कुणाचे आजी-आजोबा रद्दीत आलेले असतात. त्यांना घरी आणलं की मलाच बरं वाटतं.

तर तो काळ्या कोटाचा फोटो ज्याने विकला, त्या माणसाने मला इन्स्टाग्रामवर गाठलं. माझं काम पाहिलंय म्हणाला. पेठेतला एक वाडा पाडायला निघालाय, माळ्यावर पेटीभर फोटो सापडलेत, रद्दीत जाण्यापेक्षा तुमच्यासारख्यांकडे गेले तर बरं. आधी पाच फोटो पाठवले, हजार रुपयांत. ते मी उलटसुलट करून, वास घेऊन, कडा तपासून पाहिले. अस्सल होते. एक तर जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ, पिवळसर कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला अल्ब्युमेन प्रिंट. हे एकोणिसाव्या शतकातलं तंत्र. तो कागद इतका पातळ असतो की पुठ्ठ्याशिवाय गुंडाळीच होते. माझा आनंद मी त्याला मेसेजमध्ये कळवलाही. गिऱ्हाईक गळाला लागलंय हे त्याला मीच सांगितलं.

पंधरा दिवसांनी फोन आला. अख्खा लॉट निघालाय, साठ फोटो, एकवीस हजार. मुंबईचा एक डीलर उद्या सकाळी येतोय, पण मॅडम, तुम्ही कलाकार, म्हणून आधी तुम्हाला विचारतो. मोबाईलवर आठ-दहा फोटोंचे फोटो आले. अर्धे पैसे लगेच यूपीआयने, अर्धे कुरिअर निघाल्यावर. रात्री साडेदहाला मी पैसे पाठवले. नवऱ्याला सांगितलंच नाही, कारण तो काय म्हणेल ते पाठ होतं.

पार्सल आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले गठ्ठे, पिवळे पडलेले, कोपरे दुमडलेले, चहाचे असावेत तसे डाग. यावेळी मी एकही कडा तपासली नाही. पहिल्या पाचांनी माझे डोळे बांधून टाकले होते. शिवाय काही फोटोंच्या मागे शाईने लिहिलेलं होतं आणि मागे लिहिलेलं असलं की मी विरघळते. नवरा-बायकोच्या फोटोमागे होतं: ‘आमच्या घरात गौरी जेवल्या तेव्हा काढलेला. सन १९३१.’

खळीच्या संध्याकाळी आधी मी स्वतःचीच समजूत घातली. हाताने रंगवलेला फोटो असेल. पूर्वी फोटोवर पाण्याचे रंग देत, ते ओलाव्याने सुटतातच. पण कोटावर तर कुठलाच रंग दिलेला नव्हता. आणि काळ्यातून गुलाबी निघतंच कसं?

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आमच्या कॉलनीतल्या काकांकडे गेले. त्यांचा चाळीस वर्षं स्टुडिओ होता. डार्करूम बंद केली तरी बोटांची सवय गेलेली नाही. त्यांनी फोटो आधी नाकाशी नेला.

“अगं, याला चहाचा वास येतोय.”

“डाग पडलेत ना काका, जुने.”

“डाग चित्राच्या वर हवेत. हे खाली आहेत.” त्यांनी नखाने भेगांवरून रेघ ओढली. नख कुठेही अडकलं नाही. “बघ, भेगासुद्धा छापलेल्या आहेत.”

मग घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. राखाडी दिसणाऱ्या नऊवारीत बारीक ठिपके होते: निळे, गुलाबी, पिवळे. पडद्यावरच्या तळ्यातही तेच. काका म्हणाले, “हा ब्रोमाइड, म्हणजे डार्करूममध्ये चांदीच्या कागदावर काढलेला फोटो, नव्हेच. ब्रोमाइडला ठिपके नसतात, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग उतरतो तो. आणि ब्रोमाइड पाण्यातच जन्माला येतो गं. आधी डेव्हलपर आणि हायपो या रसायनांचं पाणी, मग वाहत्या पाण्यात धुणं. तुझ्या वाटीभर खळीने त्याचं काय होणार?”

म्हणजे झालं होतं असं: कुठल्या तरी खऱ्या फोटोचं स्कॅनिंग केलेलं, त्यातल्या भेगा आणि वाळवीची भोकं यांच्यासकट. कागद आधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला आणि मग त्यावर साध्या इंकजेट प्रिंटरने छपाई. आधी छापून नंतर चहात बुडवला असता तर रंग तिथेच सुटला असता. लेझर प्रिंटर वापरला असता तर माझ्या खळीनेही काही कळलं नसतं, त्याचा रंग पाण्याने सुटत नाही. हे मला जास्त झोंबलं.

काकांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या, त्या मी आता प्रत्येक खरेदीला करते. जुना ब्रोमाइड उजेडात तिरका धरला की कडेच्या काळ्या भागांवर निळसर, धातूसारखी चमक येते. कागदातली चांदी वर आलेली असते ती. ती नसली म्हणजे फोटो खोटाच असं नव्हे, पण ती छापून आणता येत नाही. दुसरं, नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या उजेडाचा टॉर्च. आजकालच्या बहुतेक कागदांत पांढरेपणासाठी रसायन घालतात, तो अंधारात निळा-पांढरा उजळतो. फोटोच्या कागदात हे रसायन १९५०च्या दशकापासून दिसायला लागतं. त्या रात्री बाथरूममध्ये दिवा घालवून साठही फोटो बघितले. चहाने पुढची बाजू दबली होती. पण मागून, जिथे रंग नीट पोहोचला नव्हता, तिथे एकेक फोटो ट्यूबलाइटसारखा पेटत होता. १९३१ची गौर पेटली, एका बाळाचं बारसं पेटलं. साठांपैकी साठ.

मागच्या मजकुराची चूक मात्र मला नंतर, आईने जपलेली आजीची पत्रं चाळताना कळली. आजी शेवटपर्यंत ‘घरांत’, ‘तेव्हां’, ‘माझें’ असंच लिहायची. हे अनुस्वार शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी १९६२ साली काढले. १९३१ साली शिकलेल्या माणसाने ‘घरात’ आणि ‘तेव्हा’ लिहिलं असतं तर त्याच्या मास्तरांनी छडी मारली असती. एखादा अनुस्वार राहून जातो, मान्य. पण अकरा फोटोंच्या मागे लिहिलेलं होतं आणि अकरांमध्ये एकही जुना अनुस्वार नव्हता. शिवाय त्या काळच्या कितीतरी घरांत खाजगी लिखाण मोडी लिपीत चालायचं. माझी मराठी बरी आहे असा माझा समज होता. मजकूर वाचून डोळ्यांत पाणी आणण्याऐवजी तो नीट वाचायला हवा होता.

मी त्या विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मी जुने फॅमिली फोटो म्हटलं. ओरिजिनल कुठे म्हटलं?” मेसेज चाळले. खरंच, लिहिताना त्याने एकदाही ‘ओरिजिनल’ हा शब्द वापरला नव्हता. तो शब्द फक्त फोनवर यायचा. त्यानंतर नंबर बंद. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली, पण पैसे पाठवून तेवीस दिवस झाले होते. त्या नंबरचा उपयोग पैसे अजून पुढे सरकले नसतील तोवरच खरा, म्हणजे पहिल्या काही तासांत. चौकीत विचारलं, “माल मिळाला ना? मग फसवणूक कशी?” मी भिंग पुढे केलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि चहा मागवला.

मैत्रिणी म्हणतात, तू तरी कापूनच टाकणार होतीस, खऱ्याचं काय नि खोट्याचं काय? यावर मी दोनदा भांडले आहे. त्या तेवीस दिवसांत या लॉटमधल्या फोटोंचं एक कोलाज मी विकलंही होतं. त्यात खळीऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप होती म्हणून रंग सुटला नाही. एका ताईंनी मुलीच्या लग्नासाठी घेतलं, सहा हजारांना. मागे मी माझ्या हाताने लिहून दिलं होतं: ‘मूळ जुन्या छायाचित्रांपासून.’ म्हणजे त्याने मला फसवलं आणि मी त्यांना. त्यांच्या घरी जाऊन पैसे परत केले. चित्र त्यांनी ठेवून घेतलं, मुलीला आवडलंय म्हणाल्या. मागची ओळ मी तिथेच बसून खोडली.

आता आधी व्हिडिओ मागते: दिवसाच्या उजेडात, फोटो हळूहळू तिरका करत, मागची बाजू आणि कड जवळून. ‘मूळ प्रिंट आहे, छापील नक्कल नाही’ हे मेसेजमध्ये लिहून घेते. दोन विक्रेते यावर गप्प झाले, एकाने शिव्या दिल्या. चौथ्याने विचारलं, “कुठला कोपरा दाखवू?” त्याच्याकडून घेतले. लॉट घ्यायचाच झाला तर त्यातले कुठले पाच आधी पाठवायचे ते मी निवडते, तो नाही.

साठ फोटो टाकून द्यावेत असं काकांचं म्हणणं होतं. पण रद्दीत गेले की तिथून पुन्हा कुणी तरी उचलणार, कुणाला तरी विकणार. म्हणून प्रत्येकाच्या मागे शिसपेन्सिलीने ‘नक्कल’ लिहिलं. पेनची शाई त्या कागदावर फुटत होती. कापलेल्या नवरा-बायकोच्या मागे लिहायला जागा कमी होती, तिथे नुसतं ‘न’ मावलं.