जुना टाइपरायटर घेताना झालेली माझी फसवणूक

कळ दाबताच दांडी उचलली जाऊन कागदावर उमटणारे अक्षर, ओळ संपत आली की वाजणारी ती घंटी, यांची ओढ मला लहानपणापासून आहे. त्यामुळे १९०५ सालचा, चालू स्थितीतला अंडरवुड क्रमांक ५ विकायला आहे असे कळले, तेव्हा मी फारशी चौकशी न करता होकार दिला. १९०० साली आलेल्या या यंत्रात टंकलेखकाला आपण टाइप केलेली ओळ लगेच डोळ्यांसमोर दिसत असे, आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी हीच रचना उचलली. म्हणून त्याचा सुरुवातीच्या काळातला नमुना आपल्याकडे असावा, ही माझी फार जुनी इच्छा होती.

विक्रेत्याने तीन छायाचित्रे आणि 'याच यंत्रावर' टाइप केलेला एक कागद पाठवला. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे असे सांगून त्याने पूर्ण रक्कम आधीच घेतली.

यंत्र हाती आले आणि पहिल्याच दिवशी संशय आला. काळा रंग नवा होता, इतका की स्क्रूंच्या खाचाही त्याने भरून गेल्या होत्या. कॅरेज (कागद धरून सरकणारा वरचा भाग) डावीकडे सरकवून सांगाड्यावरचा क्रमांक पाहिला आणि तो उत्पादनाच्या यादीशी ताडला, तेव्हा यंत्र १९२६ सालचे निघाले. अक्षरांच्या दांड्या ज्या अर्धगोल खाचांमध्ये फिरतात, तिथे कोणीतरी जाड तेल ओतले होते. असे तेल ताजे असेपर्यंत दांड्या हलतात, पण धूळ बसून ते चिकट झाले की वर गेलेली दांडी खाली परत येत नाही. (तिथे तेल मुळीच घालू नये, हे मला नंतर एका जाणत्या दुरुस्तीकाराने सांगितले.) ज्याच्याभोवती कागद गुंडाळला जातो तो रबरी रूळ दगडासारखा कडक झाला होता, त्यामुळे प्रत्येक पूर्णविरामाला कागदाला भोक पडत होते.

सर्वांत जास्त दुखावले ते त्या नमुन्याच्या कागदाने. त्यावरील रोमन 'आर' या अक्षराचा उजवा पाय प्रत्येक ठिकाणी तुटका उमटला होता. माझ्या यंत्रातला 'आर'चा खिळा, म्हणजे दांडीच्या टोकावरचे धातूचे अक्षर, भिंगातून पाहिला, तर त्याचा पाय शाबूत होता. म्हणजे तो कागद दुसऱ्याच यंत्रावर टाइप केलेला होता.

म्हणून असे यंत्र घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, आपण सांगू ते वाक्य आणि त्या दिवसाची तारीख आपल्यासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर टाइप करून घ्यावी, सांगाड्यावरील क्रमांक जवळून दाखवायला सांगावा, रुळावर नख रुतते का हे पाहावे आणि त्याआधी एक रुपयाही देऊ नये.

विक्रेत्याने माझ्या फोनला उत्तर देणे बंद केले आहे. तुटक्या पायाच्या 'आर'चा तोच कागद आता त्याच्या दुसऱ्या एका यंत्राच्या जाहिरातीत दिसतो आहे.